पेठेतले घर घेताना

खाली दुकान आणि वर घर ही व्यापारी कुटुंबांची जुनी रीत होती. पुण्याच्या रविवार, गुरुवार, भवानी आणि नाना पेठेत ती अगदी अलीकडेपर्यंत टिकून होती. पुढे कुटुंबे वाढली, वाडे जीर्ण झाले, मुलांना स्वतंत्र खोल्या हव्याशा वाटू लागल्या आणि बिऱ्हाडे बिबवेवाडी, मार्केट यार्ड, सॅलिसबरी पार्क या भागांत हलली. घाऊक बाजाराचा मोठा भागही भवानी पेठ आणि नाना पेठेतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. किरकोळ व्यापार मात्र पेठांतच राहिला. लक्ष्मी रस्त्यावरची कापडाची दालने, सोन्या मारुती चौकातल्या सराफी पेढ्या, रविवार पेठेतली बोहरी आळी, तुळशीबागेतली भांडी यांना जागा बदलणे परवडण्याजोगे नव्हते. त्यामुळे अनेक घरांत दुकान एकीकडे आणि चूल दुसरीकडे अशी विभागणी झाली.

आता काही कुटुंबे पुन्हा पेठेकडे वळून पाहू लागली आहेत. त्यांचा विचार कोणत्या वाटेने चालतो आणि त्या वाटेवर कोणते खाचखळगे असतात, हे समजून घेण्यासाठी एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. हे कुटुंब कल्पनेतले आहे; पण त्याच्या अडचणी बहुतेकांच्या ओळखीच्या निघतील.

रविवार पेठेत तीन पिढ्यांचे दुकान, बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर सदनिका. घरातील आजींचे वय अठ्ठ्याहत्तर. पेठेत राहत असताना त्या रोज पायी स्थानकात जात, येताना भाजी घेत आणि चार ओळखीच्या घरांत डोकावून येत. आता आठवड्यातून एकदा नातू गाडीने नेतो तेव्हाच त्यांचे जाणे होते. त्यांच्या मुलाचे, म्हणजे दुकान सांभाळणाऱ्या गृहस्थांचे, चौविहाराचे व्रत आहे. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि गिऱ्हाइकांची गर्दी नेमकी त्याच वेळी सुरू होते. दुकान सोडून घरी पोहोचण्यात अर्धा-पाऊण तास जातो, म्हणून ते गल्ल्यामागे बसून डब्यातले थंड जेवण घाईघाईने उरकतात. सुनेची नोकरी शिवाजीनगरला आहे. नातवाचा कल मात्र मोकळी हवा आणि गाडी लावायला जागा असलेल्या नव्या उपनगराकडे. अशा वेळी गुरुवार पेठेत एका वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या लहानशा इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचे घर विकाऊ असल्याचे कळले. किंमत नव्वद लाख रुपये सांगितली गेली.

पेठ म्हणजे काय विकत घ्यायचे

पेठेतले घर घेणारा चार भिंतींबरोबर एक दिनक्रमही विकत घेत असतो. त्यातील जमेची बाजू मोठी आहे. महात्मा फुले मंडई १८८६ पासून उभी आहे आणि तेथे पायी जाता येते. मुलींसाठी नारायण पेठेतली हुजूरपागा आहे, रुग्णांसाठी रास्ता पेठेतले के. ई. एम. रुग्णालय आणि मंगळवार पेठेतले महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला. कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्थानके त्यामुळे जुन्या पुण्याच्या पोटात आली. ज्या सुनेला दुचाकीवरून शिवाजीनगर गाठताना घाम फुटत असे, तिचा प्रवास आता काही मिनिटांचा होऊ शकतो.

उण्या बाजूचाही हिशेब तितक्याच काटेकोरपणे मांडावा. गणेशोत्सवात लक्ष्मी रस्ता आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्या दहा दिवस जागत असतात. विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते. घरात तान्हे मूल असेल किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल, तर त्या एका दिवसाची सोय आधीच ठरवून ठेवावी लागते. गल्ल्या अरुंद, रस्ते एकेरी आणि वाहने लावण्यास सम-विषम तारखांचे नियम. चारचाकी असलेल्या कुटुंबाने गाडी कोठे उभी राहील याचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढची बोलणी करू नयेत. 'होईल काहीतरी' हे उत्तर नव्हे.

घर एकदाच आणि तेही रविवारी सकाळी पाहणे ही सर्वांत साधी चूक आहे. त्या वेळी बाजार बंद, रस्ता रिकामा आणि हवा प्रसन्न असते. तेच घर शनिवारी सायंकाळी सात वाजता पाहावे. सकाळी पाणी येण्याच्या वेळी पाहावे आणि पाणी किती वेळ व किती दाबाने येते ते शेजारच्या गृहिणीला विचारावे. मालाचे टेंपो गल्लीत केव्हा उतरतात ते पाहावे. जोराचा पाऊस पडून गेल्यावर तळमजल्याच्या भिंती आणि जिन्याखालचा कोपरा पाहावा. रुग्णवाहिका दारापर्यंत येते का आणि अग्निशामक दलाची गाडी वळणावर अडते का, हेही चालत जाऊन स्वतः मोजावे. आपल्या कल्पनेतील गृहस्थांनी असे चार फेरे घातले. चौथ्या फेरीत आजींना बरोबर नेले. स्थानकापासून घरापर्यंत त्या स्वतःच्या पायांनी आल्या. वाटेत दोनदा थांबल्या, पण आधार मागितला नाही. घराच्या बाजूने हा मुद्दा सर्वांत वजनदार ठरला.

जमीन कोणाची, घर कोणाचे

पेठांतील जमिनींचा इतिहास लांबलचक आहे आणि मालकी हक्काचे धागेही तितकेच गुंतलेले आहेत. नव्या उपनगरात एक विकसक, एक भूखंड आणि एक खरेदीखत एवढ्यावर काम भागते. पेठेत मात्र किमान चार प्रकार आढळतात आणि प्रत्येकाची परीक्षा निराळी असते.

पहिला प्रकार पागडीचा. येथे विकणारा मालक नसून भाडेकरू असतो. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि भाडेहक्क सोडताना वा हस्तांतरित करताना रक्कम घेणे-देणे त्याने वैध ठरविले. तथापि पैसे देऊन जे मिळते ते भाडेकरूचे स्थान. ती मालकी नव्हे. मालकाच्या संमतीविना असा व्यवहार करणे म्हणजे वाद विकत घेणे. शिवाय अशा हक्कावर बँका सर्वसाधारणपणे गृहकर्ज देत नाहीत. किंमत कमी दिसते, त्यामागचे कारण हेच असते.

दुसरा प्रकार न्यासाच्या जमिनीचा. पेठांतील काही मिळकती देवस्थाने व धर्मादाय संस्थांच्या मालकीच्या आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्तांनी ठराव केला, सह्या केल्या आणि पैसे स्वीकारले, एवढ्याने हक्क पूर्ण होत नाही. परवानगीचा आदेश स्वतः वाचावा आणि त्यातील अटी पाळल्या गेल्या का ते पाहावे.

तिसरा प्रकार संरक्षित वास्तूजवळील मिळकतीचा. शनिवारवाडा हे राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र मानला जातो आणि त्यापुढील २०० मीटरचा पट्टा नियंत्रित क्षेत्र. निषिद्ध क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते. कसबा, शनिवार आणि बुधवार पेठेच्या त्या बाजूस जुना वाडा घेऊन 'पुढे पुनर्विकास होईलच' असा हिशेब मांडणाऱ्याने आधी हे अंतर मोजून घ्यावे. महापालिकेच्या वारसा यादीत असलेल्या वाड्यांनाही निराळे नियम लागू होतात. नदीकाठच्या पेठांत पूररेषा पाहावी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठचे पुणे उद्ध्वस्त केले, त्याच्या आठवणी जुन्या घरांत आजही सांगितल्या जातात. निळी आणि लाल रेषा नकाशावर कोठून जाते हे महापालिकेच्या विकास आराखड्यात व पाटबंधारे खात्याच्या नोंदीत पाहता येते. नियोजित रस्तारुंदीची रेषाही त्याच आराखड्यात तपासावी. ती मिळकतीचा दर्शनी भाग कापत असेल, तर आज दिसणारे घर आणि उद्या उरणारे घर यांत फरक पडतो.

चौथा प्रकार सर्वाधिक आढळणारा आणि सर्वांत फसवा. वाडा एका कुटुंबाचा, वारस अनेक, त्यांनी विकसकाशी करार केलेला आणि त्या जागी सहा-आठ घरांची इमारत उभी. आपल्या कल्पनेतील कुटुंबाने पाहिलेले घर याच प्रकारातले होते.

लहान इमारतीचा मोठा प्रश्न

२०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्याला सर्वजण 'रेरा' म्हणून ओळखतात, खरेदीदाराच्या रक्षणासाठी आला. प्रकल्पाची नोंदणी, चटईक्षेत्राची स्पष्ट नोंद, वेळेत ताबा, खरेदीदारांच्या पैशाचे स्वतंत्र खाते ही त्याची मुख्य देणगी. परंतु ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नाही किंवा ज्यातील सदनिका आठपेक्षा अधिक नाहीत, त्याला नोंदणीच्या बंधनातून सूट आहे. पेठांतील वाड्यांचे भूखंड बहुधा चिंचोळे आणि लहान असतात. म्हणजे जेथे हक्काची गुंतागुंत सर्वाधिक, तेथेच नोंदणीचे कवच बहुधा उपलब्ध नसते. अशा ठिकाणी संकेतस्थळावर प्रकल्प सापडला नाही म्हणून तो बेकायदा ठरत नाही. तथापि जी तपासणी एरवी यंत्रणा करते, ती येथे खरेदीदाराला स्वतःच्या खर्चाने करावी लागते.

तिचा क्रम असा असावा. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा घ्यावा आणि त्यावरील प्रत्येक नाव वाचावे. दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदींचा मागील तीस वर्षांचा शोध वकिलाकरवी घ्यावा. सूची क्रमांक दोनच्या प्रती जोडाव्यात. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांची मोजपट्टीने तुलना करावी, कारण गच्चीवरची खोली किंवा गॅलरी बंद करून केलेले स्वयंपाकघर नकाशात नसेल, तर त्याची किंमत शून्य धरावी. भोगवटा प्रमाणपत्र आहे का ते पाहावे. जुन्या भाडेकरूंना ठरल्याप्रमाणे घरे मिळाली का, की त्यांचा दावा न्यायालयात आहे, हे विचारावे. सहकारी गृहरचना संस्था नोंदली गेली का आणि जमिनीचे अभिहस्तांतरण तिच्या नावे झाले का, हा प्रश्न शेवटी विचारला जातो. खरे तर तो आरंभीच विचारावा.

नव्या इमारतीऐवजी जुनी इमारत किंवा मूळ वाड्यातील भाग घ्यायचा असेल, तर संरचनेची तपासणी अनिवार्य समजावी. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची अशी तपासणी करून घेण्याचे बंधन महापालिका कायद्यातच आहे आणि दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांना नोटिसा दिल्या जातात. सागवानी खांब बाहेरून ताठ दिसतो आणि आतून वाळवीने पोखरलेला असतो. शेजारच्या वाड्याशी सामाईक भिंत असेल, तर तो वाडा उद्या पाडला जाताना आपल्या भिंतीचे काय होईल याचाही विचार करावा.

दोन सह्यांची किंमत

वकिलाचा शोध-अहवाल तिसऱ्या आठवड्यात आला. कागद बहुतांशी स्वच्छ होते. नकाशा मंजूर, भोगवटा प्रमाणपत्र हाती, घरपट्टी भरलेली. विकसन-करारावर तीन भावांच्या सह्या होत्या. मात्र मूळ मालकाच्या मृत्यूनंतरची वंशावळ मागविली तेव्हा तिच्यात तीन मुलांखाली दोन मुलींची नावे निघाली. मालकाने मृत्युपत्र केले नव्हते. मुलींनी हक्क सोडल्याचा नोंदणीकृत दस्त कोठेही नव्हता.

हिंदू उत्तराधिकार कायदा जैन, बौद्ध आणि शीख यांनाही लागू आहे, हे व्यापारी कुटुंबांत सर्वांना ठाऊक असतेच असे नाही. १९५६ च्या मूळ कायद्यानुसारही मृत्युपत्र न करता मृत झालेल्या पित्याच्या स्वतंत्र मिळकतीत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः सहदायाद ठरविले. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात हा हक्क पिता त्या दुरुस्तीच्या दिवशी हयात असण्यावर अवलंबून नाही, असा निर्वाळा दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी वा विक्री तेवढी अबाधित राहते.

विकसकाचे उत्तर अपेक्षित तेच होते. 'बहिणींनी कधी काही मागितले नाही, त्यांची लग्ने थाटात करून दिली, भावाच्या शब्दाबाहेर त्या नाहीत.' हे सारे खरेही असेल. परंतु न मागितलेला हक्क आणि सोडलेला हक्क या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहिणी गप्प राहिल्या तरी त्यांची मुले गप्प राहतीलच असे नाही आणि त्या दिवशी दाव्याची नोटीस दुसऱ्या मजल्यावरच्या दारावर डकविली जाईल. गृहस्थांनी इसाराची रक्कम रोखून धरली आणि कळविले, दोघी बहिणींनी नोंदणीकृत दस्तावर सह्या केल्या तरच व्यवहार पुढे जाईल.

पैशाचा ताळेबंद

सह्यांची वाट पाहत असताना पैशाचा हिशेब मांडला गेला. तो येथे दिल्यास उपयोगी ठरेल.

गृहकर्जाची रक्कम ३० लाखांपर्यंत असल्यास घराच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंत असल्यास ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे. म्हणजे ९० लाखांच्या घरासाठी बँक ७२ लाख देऊ शकेल. जेवढे मिळते तेवढे घ्यावे असा मात्र त्याचा अर्थ नाही. ६० लाख रुपये २० वर्षांसाठी वार्षिक साडेआठ टक्के दराने घेतले असे समजले, तर मासिक हप्ता सुमारे ५२,१०० रुपये होतो आणि वीस वर्षांत मुद्दलावर सुमारे ६५ लाख रुपये व्याज जाते. घराची खरी किंमत ठरविताना हा आकडा डोळ्यांआड करू नये.

उरलेले ३० लाख पदरचे. त्यावर पुणे शहरात मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. खरेदी केवळ स्त्रीच्या वा स्त्रियांच्या नावे असल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. येथे ती ९० हजार रुपये होते. पुरुषाचे नाव सोबत जोडल्यास ही सवलत मिळत नाही. करारातील किंमत सरकारी वार्षिक मूल्यदर तक्त्यापेक्षा कमी असली, तरी शुल्क तक्त्यातील मूल्यावरच आकारले जाते. बँक सर्वसाधारणपणे मुद्रांक शुल्क व नोंदणी खर्च घराच्या मूल्यात धरीत नाही, म्हणून हे पैसे हाताशी असावे लागतात. म्हणजे दुरुस्ती, रंग, विजेची कामे आणि वकिलाची फी धरण्यापूर्वीच सुमारे ३७ लाखांची सोय करावी लागते.

व्यापारी कुटुंबाचे पाऊल चुकते ते नेमके येथे. दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यात मर्यादा शिल्लक असते, हंगाम संपलेला असतो, आणि 'तूर्त येथून उचलू, दिवाळीत भरून काढू' असा विचार मनात येतो. खेळते भांडवल हे वर्षातून चार-सहा वेळा फिरण्यासाठी असते. ते एकदा भिंतीत गेले की फिरत नाही. मालाचा साठा घटतो, साठ्यावर आधारलेली उचल-मर्यादा घटते, घाऊक व्यापाऱ्याचे देणे लांबते आणि वर्षानुवर्षे सांभाळलेली पत दोन हंगामांत खाली येते. घरासाठी दीर्घ मुदतीचा पैसा आणि दुकानासाठी अल्प मुदतीचा पैसा, हा भेद ज्याने पाळला त्याचे घर आणि दुकान दोन्ही टिकतात. हप्ता भरूनही सहा महिन्यांचा घरखर्च आणि सहा हप्ते बाजूला राहतील, अशीच खरेदीची मर्यादा ठरवावी.

दुसरा मोह रोख रकमेचा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि भंग झाल्यास स्वीकारलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. दंड घेणाऱ्याला होत असला, तरी रोख दिलेल्या पैशाला पावती नसते आणि व्यवहार मोडला तर ते मागण्यास तोंड नसते. किंमत ५० लाख रुपये वा त्याहून अधिक असल्यास खरेदीदाराने विक्रेत्याला देय रकमेतून एक टक्का कर कापून सरकारजमा करावा लागतो. हे काम विक्रेत्याचे नसून खरेदीदाराचे आहे, हे अनेकांना नोटीस आल्यावर कळते.

ताबा मिळाल्यानंतर कामे संपत नाहीत. मिळकत कराच्या नोंदीत नाव लावून घ्यावे. मालक स्वतः राहत असल्यास पुणे महापालिका करआकारणीत ४० टक्के सवलत देते, परंतु स्वतःच्या वापराची नोंद झालेली असावी लागते. वीजजोडणीवरील नाव बदलावे आणि संस्थेचे भागप्रमाणपत्र मागून घ्यावे. मूळ दस्त बँकेकडे असेल, तर सर्व पानांच्या साक्षांकित प्रती घरात ठेवाव्यात.

पेठेतले शेजारपण

पेठेची वस्ती मिश्र असते. एका गल्लीत चार जातींची, तीन धर्मांची, सहा धंद्यांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. मंडळाच्या वर्गणीला नाही म्हणता येते, पण शेजाऱ्याच्या आजारपणात दार बंद ठेवता येत नाही. ज्याला केवळ आपल्यासारख्यांतच राहावयाचे आहे, त्याने पेठेच्या वाटेस जाऊ नये. ज्याला आपले आचार आपल्या उंबरठ्याच्या आत पाळून उंबरठ्याबाहेर सर्वांशी स्नेह राखता येतो, त्याला पेठ आपलेसे करते. आजींना हे कोणी शिकवावे लागले नाही. घर पाहायला आल्या त्या दिवशीच समोरच्या बांगडीवाल्या बाईंनी त्यांना बसायला स्टूल दिले होते आणि निघताना 'पुन्हा या' म्हटले होते.

सह्या आल्या

दीड महिना गेला. विकसकाच्या घराण्यातील थोरल्या बहिणीने सही करण्यास होकार दिला, धाकटीने दिला नाही. तिने वाट्याची रक्कम मागितली. भावांनी आधी राग धरला, नंतर हिशेब केला आणि विक्रीच्या रकमेतून तिचा वाटा देण्याचे मान्य केले. थोरलीला मग तिचाही वाटा द्यावा लागला. दोघींचे दस्त नोंदले गेले आणि मगच गृहस्थांनी इसाराचा धनादेश दिला. खरेदी सुनेच्या नावे झाली.

या काळात एक गोष्ट मात्र कोणत्याही वकिलाच्या अहवालात नव्हती. वंशावळीचा तो कागद घरी आणला त्या रात्री गृहस्थ बराच वेळ तो हातात धरून बसले होते. रविवार पेठेतले दुकान त्यांच्या वडिलांचे. वडिलांनीही मृत्युपत्र केले नव्हते. दुकानाच्या मिळकत पत्रिकेवर त्यांचे व धाकट्या भावाचे नाव होते; अहिल्यानगरला दिलेल्या बहिणीचे नाव कोठेही नव्हते. तिनेही कधी काही मागितले नव्हते. परक्या घराकडून ज्या सहीसाठी त्यांनी दीड महिना व्यवहार अडवून धरला, ती सही त्यांच्या स्वतःच्या घरात वीस वर्षे कोणी मागितली नव्हती. देऊ केलेली तर दूरच.

भाऊबिजेला ते दोघे भाऊ बहिणीकडे गेले. ओवाळणीच्या ताटात त्यांनी एक पाकीट ठेवले. त्यात दुकानाच्या मूल्यांकनाचा कागद आणि तिच्या वाट्याच्या रकमेचे हप्ते कसे देता येतील याचा लिहून काढलेला तक्ता होता. तिने तो वाचला, घडी घालून पुन्हा पाकिटात ठेवला आणि विचारले, "आईला स्थानकात पायी जाता येते ना आता?"

"येते," थोरल्या भावाने सांगितले. "दोनदा थांबते, पण एकटी जाते."

तिने पाकीट देव्हाऱ्याजवळ ठेवले. सही करायची की वाटा घ्यायचा, हे तिने त्या दिवशी सांगितले नाही. ते सांगण्याचा हक्क तिचा होता आणि त्यासाठी लागेल तेवढा वेळही तिचाच होता.